क्षारपड की चोपण? जिप्समची पोती उतरवण्याआधी

कृष्णा-वारणाकाठच्या गावांत ‘रान बिघडलंय’ असं कुणी म्हटलं की पुढचा सल्ला ठरलेला असतो: जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटची भुकटी, टाका. दुकानदार सांगतो, बांधाशेजारचा सांगतो, मोबाइलवर आलेला व्हिडिओही तेच सांगतो. एकरी दहा पोती, वीस पोती, ज्याला जेवढी परवडतील तेवढी पडतात. दोन हंगाम जातात, ऊस पुन्हा गुडघ्याएवढाच राहतो आणि मग जिप्समच भेसळीचं होतं असा निकाल लागतो. पुष्कळदा जिप्सम चांगलंच असतं. त्या रानाला त्याची गरज नसते, किंवा गरज असते पण त्याआधीचं काम झालेलं नसतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

बोलीभाषेत आपण ज्याला सरसकट ‘क्षारपड’ म्हणतो त्यात दोन वेगळी दुखणी आहेत. एकात मातीत मीठ जास्त झालेलं असतं. दुसऱ्यात मिठापेक्षा सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो आणि मातीची घडणच मोडते. ही चोपण जमीन. तिसरा प्रकार दोन्हींची सरमिसळ असलेला, म्हणजे क्षारयुक्त चोपण. पहिल्याला जिप्सम लागत नाही. दुसऱ्याला लागतं. तिसऱ्याला लागतं, पण चुकीच्या क्रमानं उपाय केले तर तो आहे त्याहून बिघडतो. आणि तिन्हींना एक गोष्ट लागतेच लागते, ती म्हणजे निचरा. पोत्यातून मिळत नसल्यामुळे तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मीठ येतं कुठून?

पाण्यातून. विहिरीच्या पाण्यातून येतं हे सगळ्यांना पटतं, पण कालव्याच्या गोड पाण्यातूनही येतं. पाण्यातले क्षार विद्युत वाहकतेवरून, म्हणजे ईसीवरून मोजतात. त्याचं एकक डेसीसायमन प्रति मीटर. ईसी १ असेल तर एका लिटरमध्ये साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. आता हिशेब करून बघा. कालव्याचं चांगलं पाणी, ईसी ०.३. उसाला पाटानं वर्षभरात सगळं मिळून दोन मीटर उंचीचं पाणी दिलं, तर एका एकरात सुमारे ८० लाख लिटर पाणी गेलं आणि त्याबरोबर साधारण दीड टन क्षार उतरले. तेच पाणी ईसी २ असलेल्या विहिरीचं असेल तर आकडा दहा टनांवर जातो. हे एका वर्षाचं, एका एकरातलं. ऊस पाणी पितो, मीठ जवळपास सगळं मागे ठेवतो.

मग सगळीच रानं का बिघडत नाहीत? कारण मुरूम-पोयट्याच्या, उताराच्या रानात पावसाळ्याचं पाणी हे क्षार धुऊन खाली नेतं आणि ते ओढ्याला लागतात. भारी काळ्या रानात तसं होत नाही. आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि स्वतःची छिद्रं स्वतःच बुजवते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात पाणी खाली जायला वाटच नाही. वरून दिलेलं जास्तीचं पाणी कुठं तरी साठतं आणि भूजलाची पातळी दरवर्षी थोडी थोडी वर चढते. ती जमिनीखाली दीड मीटरच्या आत आली की खरा खेळ सुरू होतो. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावं तसं ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, पृष्ठभागावर वाफ होऊन उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरंब्यांच्या माथ्यावर दिसणारी पांढरी फूट ती हीच.

ही गोष्ट आजकालची नाही. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि विसावं शतक उजाडल्यानंतर थोड्याच काळात बारामती भागातल्या जमिनी पाणथळ आणि खारट होऊ लागल्या होत्या. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं. दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींचा पद्धतशीर अभ्यास तिथे त्याच दशकात झाला. म्हणजे कोणत्या काळ्या रानात बारमाही पाणी खेळवलं तर काय होईल, हे आपल्याला नव्वद वर्षांपासून माहीत आहे. पुढे उपसा सिंचन योजना नदीकाठानं गावोगाव झाल्या. पाणी आणायला सगळ्यांनी कर्ज काढलं, जादाचं पाणी बाहेर काढायला मात्र कुणी काढलं नाही. शेजारचा ओढा बुजवून त्यावर चार सऱ्या वाढवल्या, ही कथा तर प्रत्येक शिवारात आहे.

पांढरं रान आणि काळं रान

खारट जमिनीत पिकाला पाणी असून मिळत नाही. मातीतल्या पाण्यात मीठ जास्त असलं की मुळांना ते ओढून घ्यायला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून रान ओलं असतानाही दुपारी पीक माना टाकतं, पानांच्या कडा करपतात, उगवण तुटक होते. पण अशा जमिनीची घडण सहसा चांगली असते. वाळल्यावर ती भुसभुशीत लागते, चालताना पाय किंचित रुततो. मीठ धुऊन निघालं की ती लवकर ताळ्यावर येते.

चोपण जमिनीचं दुखणं आत असतं. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम असे धन भाराचे घटक धरून ठेवतात. कॅल्शियमवर दोन भार असतात. तो कणांना एकमेकांजवळ आणतो, त्यांचे गोळे बनतात आणि गोळ्यांच्या मधून हवा-पाणी खेळतं. सोडियमवर एकच भार आणि त्याच्याभोवती पाण्याचा जाड थर. त्याचं प्रमाण वाढलं की कण एकमेकांपासून सुटतात आणि पाण्यात मोकळे तरंगायला लागतात. हे सुटे कण छिद्रांत जाऊन बसतात आणि छिद्रं बंद. वरून पाणी दिलं की दिवसच्या दिवस डबकं साचून राहतं. वाळलं की वीट. वापसा असा येतच नाही, चिखलातून थेट दगड होतो. सामू (पीएच) फार वाढला की मातीतला सेंद्रिय पदार्थही विरघळून वर येतो आणि पृष्ठभागावर काळपट, तेलकट थर दिसतो. पांढरी फूट दिसली तर लोक घाबरतात, या काळपट रानाकडे मात्र ‘जमीन भारी आहे’ म्हणून दुर्लक्ष होतं. माझ्या मते जास्त घाबरायचं ते याला.

आकड्यांत सांगायचं तर जगभर वापरली जाणारी वर्गवारी अशी: संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे पाण्यानं पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, ईसी ४ च्या वर, सामू ८.५ च्या आत आणि विनिमयक्षम, म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण म्हणजे ईएसपी १५ टक्क्यांच्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. ईसी ४ च्या आत, पण सामू ८.५ च्या वर आणि ईएसपी १५ च्या वर असेल तर चोपण. ईसी आणि ईएसपी दोन्ही वर असतील तर क्षारयुक्त चोपण.

या आकड्यांत दोन खाचा आहेत आणि दोन्ही आपल्याला नडतात. एक, आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा ईसी संपृक्त अर्कावर मोजत नाहीत. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी कालवून मोजतात. त्यात पाणी जास्त, म्हणून आकडा लहान येतो. भारी काळ्या मातीत खरा आकडा ढोबळमानानं त्याच्या तिपटीच्या आसपास असतो. तेव्हा अहवालात ईसी १.३ बघून ‘चारच्या खूप आत आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका. संपृक्त अर्कावर ते चारच्या जवळच आहे. दुसरी खाच ईएसपीची. १५ ही मर्यादा सगळ्या प्रकारच्या मातींसाठी धरलेली सरासरी आहे. फुगणाऱ्या काळ्या मातीत घडण त्याआधीच बिघडायला लागते. ऑस्ट्रेलियात तर ६ च्या पुढे गेली की तिला चोपण धरतात. त्यामुळे काळ्या रानात ईएसपी ८-१० आलं तरी हातपाय हलवायला घ्यावेत.

ग्लासातली परीक्षा

प्रयोगशाळेत जाण्याआधी घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे आणि ती खरंच उपयोगाची आहे. रानातून हरभऱ्याएवढी वाळकी ढेकळं घ्या, चार-पाच वरच्या थरातली आणि चार-पाच हातभर खोलीवरची. दोन काचेच्या ग्लासांत धरून ठेवलेलं पावसाचं पाणी घ्या. नसेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी अजिबात नको. ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका.

चांगल्या मातीचं ढेकूळ थोडं ढासळेल, बारीक दाणे होऊन तळाशी बसेल, पण पाणी नितळ राहील. ढासळणं हा दोष नाही. चोपण मातीत दहा-पंधरा मिनिटांतच ढेकळाभोवती दुधाळ कडं दिसायला लागतं. दोन तासांत ते तळाशी पसरतं, आणि दुसऱ्या दिवशी ग्लासामागे धरलेल्या वर्तमानपत्राचं मोठं शीर्षकही वाचता येत नाही एवढं पाणी गढूळ झालेलं असतं. हे गढूळ म्हणजेच ते सुटे झालेले कण. रानात हेच छिद्रांत जाऊन बसतात.

आता यातली मेख. क्षारयुक्त चोपण जमिनीचं ढेकूळ पहिल्या वेळी पाणी गढूळ करत नाही. तिच्यात सोडियम भरपूर असतो, पण मीठही भरपूर असतं आणि मिठाच्या दाट पाण्यात कण एकत्रच राहतात. बोअरचं पाणी नको म्हटलं ते त्यासाठीच. तीच माती चार-पाच वेळा स्वच्छ पाण्यानं धुतली, दर वेळी निवळी ओतून दिली, की एकदम ढगाळ व्हायला लागते. ग्लासात जे घडलं तेच रानात घडतं. क्षारयुक्त चोपण रानात नुसतं गोडं पाणी सोडून मीठ धुतलं तर पहिल्या वर्षी पांढरी फूट जाते, मालक खूश होतो आणि पुढच्या पावसाळ्यात रान पाणी पिणंच बंद करतं. मीठ गेलं, सोडियम राहिला. अशा रानाला मीठ धुण्याच्या आधी जिप्सम लागतं.

अहवालात जे नसतं ते

मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळू लागली. तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू, ईसी, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्यं. सोडियम नसतो. म्हणजे या पत्रिकेवरून जमीन खारट आहे का ते कळेल, चोपण आहे का ते फक्त सामूवरून ताडावं लागेल. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू मुळातच ८ ते ८.४ असतो, कारण चुना त्याला तिथं धरून ठेवतो. ८.५ ओलांडला की मागे सोडियम आहे असं समजावं. पण खात्रीसाठी प्रयोगशाळेत ‘विनिमयक्षम सोडियम’ आणि ‘जिप्समची गरज’ या दोन तपासण्या वेगळ्या मागून घ्या. कृषी विद्यापीठांच्या आणि काही साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत त्या होतात.

नमुना घेण्याची रीतही इथे वेगळी आहे. खतांच्या शिफारशीसाठी सगळ्या रानातली माती एकत्र करून चालतं, क्षारांसाठी नाही. बिघडलेला पट्टा आणि चांगला पट्टा वेगळा ठेवा. दोन्ही मिसळले तर कुठल्याच पट्ट्याला लागू न पडणारा आकडा येतो. थर वेगळे ठेवा: ० ते ३०, ३० ते ६०, ६० ते ९० सेंटिमीटर. वरचा पांढरा पापुद्रा बाजूला करा. आणि नमुना एप्रिल-मेमध्ये घ्या. पावसानंतर घेतला तर क्षार खाली गेलेले असतात आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

त्याच वेळी विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही तपासा. त्यात नुसती ईसी नको, ‘शिल्लक सोडियम कार्बोनेट’ बघायला सांगा. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा बायकार्बोनेट जास्त असेल तर ते रानातल्या कॅल्शियमशी जुळून त्याचा चुना करून टाकतं आणि मैदान सोडियमला मोकळं मिळतं. लिटरला १.२५ मिलीइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर चिंता नाही, २.५ च्या वर गेलं तर ते पाणी तसंच वापरू नये. गंमत अशी की हे पाणी चवीला खारट लागत नाही. लोक त्याला गोडं पाणी म्हणतात आणि मनसोक्त देतात.

आधी वाट

मीठ नष्ट होत नाही. त्याला रानाबाहेर काढावं लागतं आणि पाण्याशिवाय ते बाहेर जात नाही. म्हणजे मीठ विरघळलेलं पाणी जायला वाट हवी. ही वाट नसेल तर धुतलेलं मीठ मीटरभर खाली जाऊन बसतं आणि मार्चमध्ये पुन्हा वर येतं. बाकी सगळे उपाय यानंतरचे.

स्वस्तातली वाट म्हणजे उघडे चर. रानाच्या खालच्या बाजूला, ओढ्याला मिळणारे, निदान मीटर-सव्वा मीटर खोल. चरात जागा जाते, गवत माजतं, काठ ढासळतात, दरवर्षी गाळ काढावा लागतो. तरी ज्याला ओढा जवळ आहे त्यानं इथूनच सुरुवात करावी. मोल निचरा हा मधला मार्ग: ट्रॅक्टरला लावलेलं गोळीसारखं टोकदार अवजार ५०-६० सेंटिमीटर खोलीवरून ओढायचं, की जमिनीखाली बोगदा तयार होतो. चिकण मातीत तो काही वर्षं टिकतो. पण चोपण मातीत बोगद्याच्या भिंतीच विरघळतात, म्हणून तिथे त्यावर भरवसा नको.

कायमचा उपाय सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा. साधारण ८० मिलीमीटर व्यासाचे पन्हाळीदार, भोकं असलेले पीव्हीसी पाइप, वर कापडासारखी गाळणी गुंडाळलेली, एक ते दीड मीटर खोलीवर अंथरतात. दोन ओळींतलं अंतर मातीवर ठरतं. काळ्या जमिनीत साधारण २० ते ३० मीटर, फार घट्ट असेल तर त्याहून जवळ. या ओळी मोठ्या पाइपला आणि तो पुढे ओढ्याला किंवा मोठ्या चराला मिळतो. पाइप टाकताना सगळ्यात मोठी चूक होते ती उताराची. शंभर मीटरला निदान १०-२० सेंटिमीटर एकसारखा उतार हवा. मधेच पाइप दबला तर तिथं गाळ बसतो आणि वरची सगळी ओळ बाद होते. म्हणून लेव्हल मशीन न लावता ‘अंदाजानं बरोबर येतंय’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये. पाइप जमिनीत गेल्यावर चूक दिसत नाही, फक्त भोगावी लागते. पाइप बुजवण्याआधी एकदा बादलीभर पाणी सोडून स्वतः बघावं.

आणि हे काम एकट्याचं नाही. तुमचं रान मधे असेल तर पाइप शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. शेजारी नाही म्हणाला की संपलं. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांचे गट बांधून, सलग क्षेत्राचा आराखडा करून हे काम सामुदायिक पद्धतीनं करून दाखवलं, म्हणून त्या भागाचं नाव घेतलं जातं. पाइप सगळीकडे मिळतो. तिथं जमलं ते तीस-चाळीस खातेदारांना एका नकाशावर आणणं. सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातही क्षारपड जमिनींवर काम चालतं, आराखड्याआधी तिथं जाऊन बोलून घेणं फायद्याचं.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. पाइपातून निघालेलं खारं पाणी ओढ्यात जातं, ओढ्यातून नदीत आणि नदीतून खालच्या गावाच्या उपसा योजनेत. योजना मोठ्या झाल्या तर हा हिशेबही कधीतरी मांडावा लागेल.

मग धुणं, मग जिप्सम, की उलट?

नुसतं क्षारयुक्त रान असेल तर निचरा झाल्यावर बांधबंदिस्ती करून पाणी कोंडायचं. ठोकताळा असा की जेवढ्या खोलीची माती धुवायची तेवढ्याच उंचीचं पाणी तिच्यातून गेलं की सुमारे ८० टक्के क्षार निघतात. काळ्या मातीत थोडं जास्त लागतं, कारण पाणी भेगांतून पळून जातं आणि ढेकळातलं मीठ तसंच राहतं. म्हणून एकदम तुंबवून ठेवण्यापेक्षा थोडं पाणी, मग मुरू देणं, मग पुन्हा पाणी, असं केलेलं बरं. आपल्याकडे हे काम पावसाळाच करतो. रान सपाट हवं, बांध धड हवेत आणि पाणी वरून वाहून न जाता आत मुरायला हवं.

चोपण किंवा क्षारयुक्त चोपण असेल तर आधी जिप्सम. किती? समजा तुमच्या मातीची धनायन विनिमय क्षमता, म्हणजे धन भाराचे घटक धरून ठेवण्याची ताकद, १०० ग्रॅमला ५० मिलीइक्विव्हॅलंट आहे, भारी काळ्या मातीत एवढी असते. ईएसपी २० आहे, ते १० वर आणायचंय. म्हणजे ५० पैकी १० टक्के, ५ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम हटवायचा. वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी दर मिलीइक्विव्हॅलंटला एकरी साधारण ७०० किलो शुद्ध जिप्सम लागतं. पाच म्हटले की साडेतीन टन. तुमचं जिप्सम ७० टक्के शुद्ध असेल तर पाच टन. पन्नास किलोची शंभर पोती! एकरी दहा पोती टाकून काही झालं नाही म्हणणाऱ्याचं गणित इथे कळतं. एवढं एकदम टाकायला कुणाला परवडत नाही. म्हणून सहसा गरजेच्या निम्मं जिप्सम भरपूर सेंद्रिय खताबरोबर टाकतात आणि उरलेलं पुढच्या वर्षांत विभागतात.

टाकलेलं जिप्सम विरघळायलाही हवं. शुद्ध पाण्यात लिटरला ते जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे एक टन जिप्समला चार लाख लिटर पाणी, एकरात पसरलं तर १० सेंटिमीटर उंचीचं. तेव्हा ते उसाच्या बुडाशी मुठीनं टाकून उपयोग नाही. मे महिन्यात बारीक दळलेलं जिप्सम सगळीकडे सारखं पसरा, वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्ये मिसळा आणि पाऊस कोंडा. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो, सोडियम सल्फेट होऊन पाण्यात जातो आणि निचऱ्याच्या वाटेनं बाहेर पडतो. वाट नसेल तर? तर तो तिथंच राहतो आणि वर आपण सल्फेटची भर घातलेली असते.

आपल्या बहुतेक काळ्या जमिनींत चुनखडी असते, म्हणजे कॅल्शियमचा साठा आधीच आहे, फक्त विरघळत नाही. तिथे गंधक चालतं. जमिनीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, आम्ल चुन्याला विरघळवतं आणि जिप्सम रानातच तयार होतं. एक टन जिप्समचं काम सुमारे १९० किलो गंधक करतं. पण जिवाणूंना ऊब, ओल, हवा आणि दोन-तीन महिने लागतात. पाणी तुंबलेल्या रानात ते काम करत नाहीत. साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेली मळी, हाही चांगला. गंधक वापरून रस स्वच्छ करणाऱ्या कारखान्याचा असेल तर आणखी चांगला.

धैंचा हे हिरवळीचं खत विसरू नका. जूनमध्ये दाट पेरायचा, फुलावर यायच्या सुमारास ४५-५० दिवसांनी गाडायचा. त्याची मुळं घट्ट थरात शिरतात आणि कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून चुना विरघळवायला मदत करतो. ताग चांगल्या रानात उत्तम, पण चोपणात धैंच्याइतका तग धरत नाही.

रान सुधारेपर्यंत

निचऱ्याला पैसे जमेपर्यंत आहे त्या रानात पीक काढावंच लागतं. मग पीक निवडताना सहनशक्ती बघा. संपृक्त अर्काच्या ईसीच्या मापात कापूस साधारण ७.७ पर्यंत आणि गहू ६ पर्यंत उत्पादन न घटता सोसतो. उसाला १.७ च्या पुढेच त्रास सुरू होतो आणि पुढच्या प्रत्येक एककाला जवळपास ६ टक्के उत्पादन घटतं. म्हणजे ईसी ४ ला, पांढरी फूट नीट दिसायच्याही आधी, तेरा-चौदा टक्के ऊस गेलेला असतो. द्राक्ष १.५ पासून आणि घट दर एककाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. द्राक्षबागायतदार डॉगरिजसारख्या खुंटांवर कलम करतात त्यात पाण्याच्या ताणाइतकंच क्षारांचंही कारण आहे. कांदा आणि घेवडा याहून नाजूक. आणि कुठल्याही पिकाचं कोंब फुटतानाचं वय सगळ्यात हळवं.

सरी-वरंब्यात पाणी दिलं की मीठ वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतं, म्हणून लागण माथ्यावर न करता बगलेला, पाण्याच्या रेषेजवळ करा. ठिबकमध्ये मीठ ओल्या गोळ्याच्या कडेला साठतं. वळवाचा पहिला हलका पाऊस ते मीठ परत मुळांपाशी आणून सोडतो. ‘पाऊस आला, ठिबक बंद करा’ हे इथे उलटं आहे: पहिल्या हलक्या पावसात ठिबक चालू ठेवा. युरिया सामू वाढलेल्या रानात वर फेकला तर अमोनिया होऊन उडतो, मातीआड करा किंवा अमोनियम सल्फेट वापरा. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे क्लोराइडची भर पडत नाही. आणि पाचट जाळू नका; झाकलेल्या रानातून बाष्पीभवन कमी, म्हणून मीठही कमी चढतं.

हे सगळं बारमाही पाण्यानं बिघडलेल्या रानांबद्दल झालं. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा वेगळा. तिथं मातीत आणि भूजलात क्षार मुळचेच आहेत आणि शेती बहुतांशी पावसावर. तिथं बोअरचं पाणी टाळून शेततळ्यातलं पावसाचं पाणी वापरणं हाच कणा. कोकणातल्या खार जमिनी आणि गोव्यातली खाजनं समुद्राच्या भरतीची. तिथं बांध आणि त्याची झापं (पाण्याची दारं) नीट असली की पावसाळाच मीठ धुतो आणि कोरगुटसारखा भात उभा राहतो. त्या दोन्ही ठिकाणी वरचा हिशेब जसाच्या तसा लावू नये.

निचरा घातल्यावर तो चालतोय का हे बघायला दोन साधी कामं ठेवा. रानाच्या मध्यावर पावणेदोन मीटरचं भोक पाडून त्यात खालच्या अर्ध्या भागात छिद्रं पाडलेला पाइपचा तुकडा उभा करा आणि दर महिन्याला काठी घालून पाणी किती खोलीवर आहे ते वहीत लिहा. पाणी पाइपाच्या खोलीपेक्षा बरंच वर राहत असेल तर एक तर पाइप तुंबलाय किंवा तुम्ही पाणी जास्त देताय. दुसरं, पाइपाच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्याची ईसी मोजा. हातात मावणारं मीटर गटात एक असलं तरी पुरतं. पहिल्या पावसाळ्यात आकडा मोठा येतो, पुढे हंगामागणिक उतरत जातो. उतरायचा थांबून तुम्ही देत असलेल्या पाण्याच्या ईसीपेक्षा थोडाच वर स्थिरावला की साठलेलं मीठ गेलं असं धरा आणि त्यानंतरच ऊस किंवा द्राक्ष लावायचं ठरवा. पाइपांच्या जोडावरच्या मॅनहोलमधला गाळ दर मे महिन्यात काढावा, पाइपाच्या तोंडाला उंदीर-घुशी शिरू नयेत म्हणून जाळी बसवावी.